क्लबचा ट्रॅक डे, मद्रास इंटरनॅशनल सर्किट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नावनोंदणी सुरू झाली की ग्रुपवर तेच प्रश्न येतात, काही तर रात्री साडेबाराला. ते इथे विचारणाऱ्यांच्याच भाषेत एकत्र केले आहेत. आधी नवख्यांचे, मग गाडीचे, मग त्या दिवसाचे आणि शेवटी अडचणीचे. आपल्यातले बहुतेक जण ज्या गाडीने पुण्या-मुंबईहून निघतात, तीच ट्रॅकवर उतरवतात आणि तीच चालवत साधारण बाराशे किलोमीटर परत येतात. खालची उत्तरं त्यांच्यासाठी आहेत. गाडी ट्रेलरवर आणणाऱ्यांचं गणित वेगळं असतं.

१. ट्रॅक डे म्हणजे रेसच ना?

नाही. ट्रॅक डे म्हणजे आपली गाडी बंद रेस ट्रॅकवर वेगात चालवायचा दिवस. रेसमध्ये सगळे एकदम सुटतात, नंबर लागतात आणि उतरायला एफएमएससीआयचं (देशातल्या मोटरस्पोर्टच्या संघटनेचं) स्पर्धा लायसन्स लागतं. ट्रॅक डेला गाड्या अंतर ठेवून एकेक सोडतात, वेळ कोणी मोजत नाही, पहिला-दुसरा कोणी येत नाही. ओव्हरटेक ठरलेल्या जागीच करायचं, तेही पुढच्याने वाट दिल्यावर (प्रश्न १२). जेवताना कोणीतरी ‘तुला वळणावर कसा पकडला’ म्हणतोच. तेवढं बोलण्यापुरतं ठीक आहे.

२. त्यासाठी चेन्नईपर्यंत कशाला? समृद्धीवर पहाटे मोकळाच रस्ता असतो की.

समृद्धीवर कारसाठी वेगमर्यादा आहे, समोर ट्रक असू शकतो, कुत्रं आडवं येऊ शकतं. शिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत किंवा वेगाची चाचणी करणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे आणि त्याला तुरुंगवासाची तरतूद आहे. ॲम्बी व्हॅलीच्या रस्त्यावरचे रविवार सकाळचे पराक्रमही यातच येतात. असे व्हिडिओ ग्रुपवर टाकणाऱ्यांना आम्ही ट्रॅक डेला घेत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

चेन्नईचा ट्रॅक श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टईला आहे. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने तो बांधला आणि १९९० मध्ये सुरू केला. त्याआधी तिकडच्या शर्यती शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर व्हायच्या. एक लॅप, म्हणजे ट्रॅकची पूर्ण फेरी, ३.७१७ किलोमीटरची, वळणं १२. आपल्या दृष्टीने मोठी सोय म्हणजे पुण्यावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बंगळूर करत थेट त्याच भागातून जातो. बंगळूरला मुक्काम केला की दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही तिथे.

कोइमतूरचा कारी स्पीडवे (२.१ किलोमीटर, २००३ पासून) हॅचबॅकसाठी फार मजेचा आहे, अंतरही साधारण तेवढंच. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचा. २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन तिथेच झाली. पण त्याच्या किलोमीटरभर लांबीच्या सरळ रस्त्यानंतर घरगुती गाडीच्या ब्रेकचे जे हाल होतात, ते नवख्याने पहिल्याच वेळी अनुभवू नयेत असं आमचं मत आहे. तळेगावजवळ नानोलीला ट्रॅक झालाय, तिथे जायचं ठरलं की वेगळं कळवू.

३. माझी साधी स्विफ्ट आहे. हसतील का लोक?

उलट हेवा करतील. हलकी गाडी ब्रेकवर आणि टायरवर कमी भार टाकते, दिवसभर तक्रार न करता पळते. दुपारपर्यंत पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या गाड्या थांबवायच्या जागेत) बोनेट उघडून उभ्या असतात त्या बहुतेक जास्त ताकदीच्या, जड गाड्या. मॅन्युअल हॅचबॅक किंवा सेदान असेल तर काळजीच नको.

४. एसयूव्ही, ऑटोमॅटिक, सीएनजी, इलेक्ट्रिक, यांतलं काय चालतं?

उंच एसयूव्ही घेत नाही. गुरुत्वमध्य वर असतो आणि कडेच्या मातीत घसरत जाऊन चाक रुतलं तर गाडी उलटू शकते. कॉम्पॅक्ट एसयूव्हीबाबत गाडी पाहून ठरवतो. त्यावरून वाद होतात, पण निर्णय तपासणी करणाऱ्याचा.

सीएनजी किटच्या गाड्या नाहीत. मागे सिलिंडर असलेली गाडी कठड्यावर आदळण्याचा धोका आम्ही पत्करत नाही.

ऑटोमॅटिक चालते. सीव्हीटी आणि ड्युअल क्लच गिअरबॉक्स तापले की गाडी इशारा देते किंवा स्वतःच ताकद कमी करते. तसं झालं की मुकाट्याने पिटमध्ये या. इलेक्ट्रिक गाडी वजनाने भारी असते आणि बॅटरी तापली की तीही ताकद कमी करते. दोन-चार जोरदार लॅप, मग विश्रांती, असं धरून चला. चार्जिंगची सोय कुठे आहे ते निघण्याआधी स्वतः बघा.

५. वय, लायसन्स, कागदपत्रं काय लागतात?

१८ पूर्ण आणि पक्कं ड्रायव्हिंग लायसन्स. लर्निंग चालत नाही. आरसी, विमा आणि पीयूसी रस्त्यासाठी लागतातच. ट्रॅकवर पोहोचल्यावर हमीपत्रावर सही करावी लागते. ते वाचून सही करा. त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं की होणाऱ्या इजेची आणि नुकसानीची जबाबदारी तुमची, आणि ट्रॅकच्या कठड्याचं, टायरच्या भिंतीचं नुकसान केलंत तर त्याचे पैसेही तुमच्याकडून. गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर प्रश्न २० पहा.

६. पैसे कशाचे एवढे? आणि येणं रद्द झालं तर परत मिळतात का?

ट्रॅकचं दिवसाचं भाडं, मार्शल (ट्रॅकच्या कडेला उभे राहून झेंडे दाखवणारे), ॲम्ब्युलन्स आणि डॉक्टर, अग्निशमनाची सोय, गाडी ओढून आणणारा ट्रक, वर जीएसटी. हा खर्च वीस गाड्या आल्या काय आणि चाळीस आल्या काय, जवळजवळ तेवढाच राहतो. म्हणून शेवटच्या आठवड्यात कोणी गळालं की बाकीच्यांच्या डोक्यावर बोजा येतो. नियम साधा आहे: तुमच्या जागी दुसरा कोणी मिळाला तर पूर्ण पैसे परत, नाही मिळाला तर नाही. लग्न, आजारपण, बॉसने सुट्टी नाकारणं, सगळी कारणं खरी असतात हे मान्य. तरीही.

७. गाडीचं नेमकं काय काम करून घ्यायचं?

लोक एअर फिल्टर, एक्झॉस्ट, रिमॅप विचारतात. त्यातलं काही नको. सगळा पैसा ब्रेकवर घाला, उरला तर टायरवर.

वेग दीडपट झाला तर थांबवायची ऊर्जा दीडपट होत नाही, सव्वादोन पट होते. ताशी १०० ऐवजी १४० वरून थांबायचं तर अंतर जवळजवळ दुप्पट लागतं, आणि ती सारी ऊर्जा उष्णता होऊन डिस्क-पॅडमध्ये जाते. रस्त्यावर असा ब्रेक महिन्यातून एखादा लागतो, ट्रॅकवर दर लॅपला अनेकदा. पॅडची उष्णता कॅलिपरमधून ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचते आणि बहुतेकांची गाडी अडते ती तिथेच.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट ४ प्रतीचं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषलेलं मात्र १५५ अंशांच्या आसपासही उकळू शकतं. डॉट ३ ची हीच मर्यादा २०५ आणि १४०. उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते आणि पेडल तळाला जातं. म्हणून निघण्याच्या महिनाभर आधी चारही चाकांचं ऑइल पूर्ण बदलून, हवा काढून घ्या. मेकॅनिक ‘वरून टॉप-अप केलं’ म्हणाला तर ते काम झालं असं समजू नका. कॅलिपरमधलं जुनं ऑइल तिथेच राहतं, आणि तापतं तेच. डॉट ५.१ चालतं. डॉट ५ घालू नका, ते सिलिकॉनचं असतं आणि आपल्या गाड्यांत बसत नाही. नावातला फरक छोटा असल्याने दुकानात गोंधळ होतो.

पॅडचं अस्तर निम्म्याहून जास्त शिल्लक हवं. पातळ पॅड उष्णता अडवत नाही, पुढे ढकलतो. नवे पॅड घातले तर निघण्याआधीच दोन-तीनशे किलोमीटर चालवून बसवून घ्या. ट्रॅकवर कोरे पॅड घेऊन येऊ नका.

बाकी यादी छोटी आहे. इंजिन ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपाशी हवं, लांब वळणात ऑइल एका बाजूला सरकतं. कूलंटची पातळी बघा, होजना भेगा आहेत का बघा. बॅटरीची पट्टी हाताने हलवून पहा, हलली तर घट्ट करा. व्हील बेअरिंगचा आवाज येत असेल तर ते बदलल्याशिवाय येऊ नका. आणि सर्व्हिस अगदी आदल्या दिवशी करू नका. गॅरेजमधून सैल राहिलेला नट हायवेवर कळावा, ट्रॅकवर नाही.

८. टायर कसे हवेत आणि हवा किती ठेवायची?

खाचा किमान ३ मिलिमीटर असाव्यात, कारण याच टायरवर परत यायचं आहे. बाजूच्या भिंतीवर फुगवटा किंवा चीर असेल तर तपासणीतच नापास. टायरचं वय बाजूवरच्या चार आकड्यांवरून कळतं: ३२२२ म्हणजे २०२२ सालचा ३२ वा आठवडा. सहा वर्षांवरचा टायर खाचा कितीही असल्या तरी ट्रॅकला नको.

इथल्या लॅप घड्याळाच्या काट्याच्या दिशेने असतात. उजवी वळणं जास्त, म्हणून पुढचा डावा टायर सगळ्यांत जास्त झिजतो. जेवणाच्या सुट्टीत तो हात फिरवून बघा. कडेचं रबर सोलल्यासारखं दिसलं तर दुपारनंतर जरा दमाने.

हवा सकाळी गार टायरमध्ये दाराजवळच्या स्टिकरवर असते तेवढी भरा. पहिल्या सेशननंतर (ट्रॅकवरच्या पहिल्या पाळीनंतर) ती चार-सहा पीएसआयने चढलेली दिसेल. तेव्हा थोडी काढून चारही चाकं सारखी करून घ्या, पण गार असतानाच कमी हवेवर उतरू नका. टायरची भिंत मोडल्यासारखी दबते आणि वळणात गाडी सैरभैर होते. संध्याकाळी टायर गार झाले की दिवसा काढलेली हवा कमी पडते. ती न भरता रात्री हायवेला लागणं ही आमच्या मते सगळ्या दिवसातली सर्वांत धोक्याची गोष्ट. म्हणून गेज स्वतःचं आणा, पंपवाल्याच्या मीटरवर विसंबू नका.

९. डॅशबोर्डवरचा गणपती काढावा लागेल का?

हो. बाप्पाला रुमालात गुंडाळून हॉटेलच्या खोलीत ठेवा. चिकटवलेली मूर्ती जोरदार ब्रेकला सुटते आणि कुठे जाईल सांगता येत नाही. आरशाला लटकवलेली माळ, पुढची लिंबू-मिरची, अत्तराची बाटली, मोबाइल होल्डर, ड्रायव्हरकडचं पायपुसणं, सीटखालची छत्री, डिकीतला जॅक आणि स्टेपनीवरचा सुटा पाना, सगळं बाहेर. तपासणीत सर्वांत जास्त सापडते ती सीटखाली घरंगळलेली पाण्याची बाटली. ती ब्रेकच्या पेडलखाली जाऊन बसली की पेडल दाबताच येत नाही. फास्टॅग राहू द्या.

टो हुक (गाडी ओढायचा आकडा) मात्र गाडीतून काढून ठेवू नका, उलट बंपरमध्ये फिरवून बसवून या. बहुतेकांनी तो डिकीच्या तळाशी असतो हेसुद्धा पाहिलेलं नसतं, त्यामुळे घरीच एकदा बसवून बघा.

१०. बाइकचं हेल्मेट चालेल? कपडे कसले?

आमच्या ट्रॅक डेला आयएसआय शिक्क्याचं, तोंड झाकणारं, न पडलेलं, न आदळलेलं बाइकचं हेल्मेट चालतं. कारसाठीची हेल्मेट वेगळी असतात. स्नेलच्या एसए प्रकारात आगीला तोंड देणारं अस्तर असतं आणि गाडीतल्या लोखंडी पिंजऱ्यावर डोकं आपटण्याचा विचार केलेला असतो. वर्षाला दोन-तीनदा येणार असाल तर ते घ्या. पहिल्या वेळेला नको.

कपडे सुती, अंगभर. नायलॉनचे, पॉलिएस्टरचे टी-शर्ट नकोत, आगीत ते कातडीला चिकटतात. बूट पातळ तळव्याचे, नाडी आत खोचून. चप्पल, क्रॉक्स आणि जाड तळव्याचे जॉगिंग शूज घालून आलेल्याला गाडीत बसू देत नाही.

११. दिवस कसा जातो?

सकाळी सातला तपासणी: ब्रेक, टायर, सुट्या वस्तू, व्हील नट. नट किती घट्ट आहेत ते आम्ही टॉर्क पान्याने मोजतो, म्हणून तुमच्या गाडीचा आकडा पुस्तिकेतून लिहून आणा. मग सगळ्यांसाठी माहितीची बैठक. ती चुकली तर ट्रॅक चुकला, पैसे भरलेले असले तरी. त्यानंतर पुढच्या गाडीमागे दोन-तीन सावकाश लॅप, वळणं आणि मार्शलच्या जागा लक्षात ठेवण्यासाठी.

अनुभवानुसार तीन गट. प्रत्येक गटाला वीस मिनिटांचं सेशन, मग चाळीस मिनिटं विश्रांती. साध्या हॅचबॅकला सुरुवातीला लॅपला अडीच मिनिटांच्या आसपास लागतात, म्हणजे एका सेशनमध्ये सात-आठ लॅप. त्यातली पहिली गाडी तापवण्याची आणि शेवटची ती गार करण्याची. ॲव्हरेज पाचच्या घरात येतं असं धरा. टाकी निम्म्याखाली गेली की भरून घ्या, नाहीतर वळणात पंपाला पेट्रोल कमी पडून गाडी धक्के खाते.

चेन्नईचं ऊन विसरू नका. ट्रॅकवर एसी बंद आणि समोरच्या दोन्ही काचा खाली असतात. पाणी, लिंबू सरबत, ताक सतत घेत राहा. दुपारी भरपेट सांबार-भात खाऊन लगेच गाडीत बसलेल्यांचं पुढे काय होतं ते इथे लिहीत नाही.

१२. पुढची गाडी हळू असेल तर?

थांबा. ओव्हरटेक फक्त बैठकीत दाखवलेल्या सरळ रस्त्यांवर. पुढचा चालक उजव्या खिडकीतून हात काढून कोणत्या बाजूने जायचं ते दाखवतो, डावीकडून सोडायचं असेल तर हात छतावरून डावीकडे करतो. मग तो ॲक्सिलरेटर सोडतो, तुम्ही जाता. हात दिसला नाही तर गेलात कसे, हा एकच प्रश्न आम्ही पिटमध्ये विचारतो.

तुम्हीच पुढे असाल तर आरशात पाहत राहा. मागे गाडी लागली की पुढच्या सरळ रस्त्यावर सोडा, त्यात कमीपणा नाही. नवख्यांच्या गटात सगळा त्रास हळू चालवणाऱ्यांमुळे होत नाही, वाट न देणाऱ्यांमुळे होतो.

१३. झेंडे पाठ करावे लागतात का?

पिवळा: पुढे धोका, वेग कमी, ओव्हरटेक बंद. लाल: सेशन थांबलं. आरशात बघत हळू व्हा आणि सावकाश पिटमध्ये या, जागेवर कचकन ब्रेक मारू नका. निळा: मागून वेगवान गाडी येतेय, वाट द्या. काळा, तुमच्याकडे दाखवलेला: आत या, बोलायचंय. काळ्यावर नारिंगी गोल: तुमच्या गाडीत बिघाड दिसतोय, बहुधा काही गळतंय. पिवळ्या-लाल पट्ट्या: रस्ता निसरडा, ऑइल किंवा माती. पांढरा: पुढे हळू जाणारी गाडी. चौकटींचा: सेशन संपलं, गार करण्याची लॅप घेऊन आत.

लाल आणि पिवळा झोपेतही आठवायला हवेत.

१४. ईएससी बंद केलं तर गाडी जास्त चांगली वळते म्हणतात?

पहिल्या दिवशी बंद करायचं नाही. ईएससी ही गाडी घसरू लागली की तिला सावरणारी यंत्रणा. सावरताना ती एकेका चाकाचा ब्रेक दाबते, म्हणून त्याचा दिवा वारंवार लुकलुकत असेल तर दोन अर्थ घ्या: तुम्ही स्टिअरिंग ओरबाडताय, आणि ब्रेक विनाकारण तापताहेत. हात मऊ करा, दिवा आपोआप थांबतो.

१५. ब्रेकचं पेडल मऊ लागलं किंवा जळका वास आला तर?

पेडल स्पंजासारखं आत जात असेल तर ऑइल उकळलंय. पेडल घट्ट आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापून घासायचे बंद झालेत. दोन्हीत हॅझर्ड लावा, एक लॅप ब्रेक न वापरता चालवा आणि आत या. पॅड गार झाले की पूर्ववत होतात. ऑइल एकदा उकळलं की ते गार झालं तरी विश्वासाचं राहत नाही, बदलल्याशिवाय परत उतरायचं नाही आणि हायवेलाही लागायचं नाही.

पिटमध्ये थांबल्यावर हँडब्रेक ओढू नका. लालबुंद डिस्कवर पॅड एकाच जागी चिकटून राहिला की त्याचा डाग उमटतो आणि पुढे ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरतं. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला वीट लावा. इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेकच्या काही गाड्या इंजिन बंद करताच तो आपोआप लावतात. ते मेन्यूमधून बंद कसं करायचं ते घरी शोधून या.

१६. गाडी बाहेर मातीत गेली तर?

स्टिअरिंग सरळ धरा, गाडी थांबू द्या. झटक्याने परत रस्त्यावर घेणाऱ्यांची गाडी समोरच्या बाजूच्या कठड्यावर जाते. मार्शलने खूण केली की सावकाश आत या आणि थेट पिटला. काय झालं ते सांगितलं की परत सोडतो, दुसऱ्यांदा झालं तर त्या सेशनला विश्रांती. नंतर चाकातून किर्रर्र आवाज आला तर घाबरू नका, बहुधा डिस्क आणि तिच्या मागच्या पत्र्यात खडा अडकलाय. गाडी थोडी मागे-पुढे केली की पडतो.

१७. पाऊस आला तर?

विजा नसतील आणि पाणी साचलं नसेल तर चालू ठेवतो, वेग कमी करून. नवख्यांसाठी ओला ट्रॅक उत्तम शाळा आहे: कमी वेगात गाडी सरकायला लागते आणि ब्रेकही कमी तापतात. चेन्नईचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो, म्हणून आपली तारीख जानेवारी-फेब्रुवारीतच असते. पावसामुळे वाया गेलेल्या वेळेचे पैसे परत मिळत नाहीत.

१८. बायकोला किंवा मुलाला शेजारी बसवता येईल?

१८ वर्षांवरच्या कोणालाही दुपारनंतर, हमीपत्र आणि हेल्मेटसह. लहान मुलांना ट्रॅकवर नाही, पिट लेनमध्येही नाही. शेजारी कोणी बसलं की चालवणारा पाच टक्के शूर होतो, म्हणून पहिल्या दोन सेशनमध्ये शेजारी फक्त प्रशिक्षक. बायकोलाच चालवायचं असेल तर ते जास्त बरं, प्रश्न २१ बघा.

१९. विमा लागू होतो का? खरं सांगा.

ट्रॅकवर तो लागू होणार नाही, असंच धरून या. आपल्या खासगी कारच्या पॉलिसीत ‘वापराच्या मर्यादा’ असा भाग असतो. त्यात आयोजित शर्यत, पेस मेकिंग, वेगाची चाचणी आणि रिलायबिलिटी ट्रायल वगळलेलं असतं. ‘आमची वेळ मोजत नाहीत, म्हणजे शर्यत नाही’ हा युक्तिवाद ग्रुपवर जोरात चालतो. विमा कंपनीच्या सर्व्हेअरपुढे चालेल याची हमी आम्ही देणार नाही. शंका असेल तर कंपनीला लेखी विचारा, एजंटच्या तोंडी ‘होऊन जाईल’वर जाऊ नका. जाता-येता हायवेवर पॉलिसी नेहमीसारखीच चालू असते. ट्रॅकवर झालेलं नुकसान हायवेवर झालं असं सांगायला आमच्यापैकी कोणी साक्षीदार होणार नाही.

म्हणून एक हिशेब घरी बसूनच करा: गाडीचा पुढचा भाग गेला तर खिशातून देता येईल का? नसेल तर त्या वेगाने चालवू नका, किंवा यंदा पाहायला या.

वॉरंटीचंही तेच. बहुतेक पुस्तिकांत शर्यत किंवा तत्सम वापराने आलेला बिघाड वगळलेला असतो, आणि आजच्या गाड्यांचा संगणक तापमान, वेग, आरपीएम सगळं नोंदवून ठेवतो.

२०. गाडी बाबांच्या नावावर, कंपनीच्या नावावर किंवा कर्जावर आहे.

बाबांची असेल तर त्यांची सही असलेलं संमतीपत्र. त्यात ‘ट्रॅकवर चालवण्यासाठी’ हे शब्द हवेत. ‘चेन्नईला फिरायला’ लिहिलेलं पत्र आम्ही परत करतो. कंपनीच्या गाडीला कंपनीच्या लेटरहेडवर परवानगी, आणि ती सहसा मिळत नाही. कर्जावरच्या गाडीला बंदी नाही, पण विम्याविना गाडी गेली तरी हप्ते चालूच राहतात, ते लक्षात ठेवा. भाड्याच्या सेल्फ-ड्राइव्ह गाड्या नकोत, विचारूही नका.

२१. दोघांत एक गाडी चालेल? कमी पैशात पडेल.

चालेल, पण दोघं वेगवेगळ्या गटांत. मग गाडीला विश्रांतीच मिळत नाही, ब्रेक आणि गिअरबॉक्स दिवसभर तापलेले राहतात. दोघांनी मिळून एका माणसाएवढीच सेशन घ्यावीत, असं आम्ही सुचवतो. दोघांची नोंदणी आणि हमीपत्र वेगळं.

२२. लॅप टाइम मोजायचा ॲप किंवा गोप्रो लावू का?

कॅमेरा स्क्रूने बसवलेला असेल तर लावा, सक्शन कपवाला नाही. टायमर नाही. वेळ दिसली की प्रत्येक जण प्रश्न १ चं उत्तर विसरतो.

२३. गाडी तिथेच बंद पडली तर घरी कसं यायचं?

निघण्याआधी रोडसाइड असिस्टन्सची मुदत तपासा. ट्रॅकच्या आतून ते गाडी उचलतील याची खात्री धरू नका, गेटबाहेर आणून द्यावी लागेल. श्रीपेरुंबुदूर हा गाड्यांच्या कारखान्यांचा पट्टा आहे आणि चेन्नई जवळ, त्यामुळे बहुतेक कंपन्यांचं सर्व्हिस सेंटर सापडतं. पण रविवारी नाही. म्हणून ट्रॅक डे शनिवारी, रविवार मुक्कामाचा आणि सोमवारी परतीचा, अशी सुट्टी घ्या. दिवसभर चालवून त्याच रात्री पुण्याकडे निघायला आमची परवानगी नाही. ट्रॅकवरून आलेल्या माणसाला हायवेवरचे १०० फार हळू वाटतात.

२४. आधी सराव कुठे करू?

कार्टिंगला जा. कोल्हापूरचा मोहितेंचा ट्रॅक आपल्या वाटेवरच आहे, तिथे राष्ट्रीय पातळीच्या कार्टिंग स्पर्धा झाल्या आहेत. ब्रेक आधी, वळण नंतर, नजर पुढे, हे तिथे स्वस्तात अंगवळणी पडतं.

२५. आमच्या नाशिकच्या ग्रुपला स्वतःचा ट्रॅक डे भरवायचाय. सुरुवात कुठून करू?

तारखेपासून नाही, माणसांपासून. पैसे भरून येणारे किमान पंचवीस जण हातात असल्याशिवाय ट्रॅकला आगाऊ रक्कम देऊ नका. ‘इंटरेस्टेड’ म्हणून अंगठा दाखवणाऱ्यांतले निम्मे गळतात. मग ट्रॅकशी लेखी ठरवा: भाड्यात मार्शल, ॲम्ब्युलन्स, अग्निशमन आणि ट्रक येतात की वेगळे, किती वाजेपर्यंत, वीज आणि पिट गॅरेज मिळतात का, ट्रॅकवर आवाजाची मर्यादा आहे का.

क्लबमधले तीन जण असे निवडा जे त्या दिवशी स्वतः गाडी चालवणार नाहीत. एक तपासणीला, एक पिटच्या तोंडाशी गाड्या सोडायला, एक नियंत्रण कक्षात. हे सर्वांत अवघड काम आहे, कारण आयोजकालाच सर्वांत जास्त चालवायचं असतं. गाडी चालवणारा माणूस दुसऱ्याला ‘तू आत ये’ म्हणू शकत नाही. गट लोकांनी स्वतः सांगितलेल्या अनुभवावर पाडा, पण पहिल्या सेशननंतर हलवण्याचा अधिकार आपल्याकडे ठेवा, आणि हे नोंदणीच्या अर्जातच छापा. अध्यक्षांनासुद्धा खाली हलवावं लागेल. आमच्याकडे हलवलं आहे.

ॲम्ब्युलन्स एकच असेल आणि ती कोणाला घेऊन हॉस्पिटलला गेली, तर ती परत येईपर्यंत ट्रॅक बंद ठेवावा लागतो, मग खरचटलेल्या गुडघ्यासाठी का जाईना. दुसरीचे पैसे बजेटमध्ये पहिल्यापासून धरा.